भामरे बाईंच्या ठोक्यांचा सत्कार

मी एका बाईच्या हृदयाच्या ठोक्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, मागे रंगीत खडूंनी सजवलेला फळा, सगळं रीतसर. असला सत्कार नाशिकमध्ये आधी कोणी केला नसावा आणि पुढे कोणी करूही नये.

सत्कार हे आमच्या शाळेत माझं खातं. मी मराठी शिकवतो, त्यामुळे मला बोलता येतं असा शाळेचा समज आहे आणि तो मी कधी खोडून काढला नाही. कोणाचा मुलगा इंजिनिअर झाला, कोणी गुडघा बदलून आला, की गायधनी सर शाल घेऊन उभे. एकदा क्रीडाशिक्षकांची त्यांच्या गावाजवळ बदली झाली म्हणून मी त्यांना अर्धा तास निरोप दिला. बदली रद्द झाल्याचं त्यांनी शाल अंगावर पडल्यानंतर सांगितलं. पेढे खाऊन झाले होते, म्हणून कोणी काही बोललं नाही.

बोलल्या फक्त भामरे बाई. "गायधनी, पुढच्या वेळी माणसाला आधी विचार, मग गुंडाळ."

सिंधू भामरे. भूगोल. माझ्याहून बऱ्याच ज्येष्ठ, म्हणून मला अरे-तुरे. उंच, हाडकुळ्या, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. ती पिशवी धरायला कोणी हात पुढे केला की त्या हाताकडे अशा बघायच्या की हात आपोआप खिशात जाई. मूळच्या बागलाणातल्या, सटाण्याकडच्या. शाळेत मात्र पुस्तकासारखं शुद्ध बोलायच्या. गालांवर कायम एक लालसर झाक. मी एका वाढदिवसाला स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "बाईंच्या गालांवर बागलाणच्या डाळिंबांचा रंग आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती झाक झडपेच्या आजाराची असू शकते, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे आजाराचंही कौतुक मी सत्कारापूर्वीच करून ठेवलं होतं.

लहानपणी त्यांना ताप आला होता, सांधे सुजले होते. गावात कोणी तो मनावर घेतला नाही. ताप सांधे सोडून गेला आणि हृदयाच्या एका झडपेत राहिला. वर्षानुवर्षं ती झडप जाड होत गेली, दार अरुंद होत गेलं, आणि बाई महाराष्ट्राचा नकाशा काढत राहिल्या.

तो नकाशा बघण्यासारखा असे. वर्गाकडे पाठ, हातात अखंड खडू, डहाणूपासून किनारा धरायचा तो थेट खाली, मग वळून सगळी सीमा, हात न उचलता. तेवढा वेळ मागे सत्तर पोरं गप्प. बाईंचा वर्ग शांत असे, यात भीतीचा भाग किती आणि नकाशाचा किती, हे सांगणं अवघड आहे. त्यांचं एक वाक्य शाळाभर प्रसिद्ध होतं: "तोंड उघडण्याआधी नकाशा बघावा." मला ते पहिल्यांदा मिळालं ते सहलीच्या सूचनेवरून. मी फळ्यावर लिहिलं होतं, 'महाराष्ट्रातील थंड हवेचे ठिकाण सापुतारा'. बाईंनी 'महाराष्ट्रातील' पुसलं, 'गुजरातमधील' लिहिलं आणि वाक्य माझ्या अंगावर टाकून वर्गावर गेल्या.

इंदिरानगरमध्ये त्यांचं स्वतःचं घर होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर. लग्न केलं नाही. का, ते विचारायची हिंमत मलाही झाली नाही, यावरून समजा. खिडकीशी एक वेताची खुर्ची होती, ती पाहुण्यांसाठी नव्हती. पाहुण्यांनी पलंगावर बसायचं. "हे घर माझं आहे," असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण दारावर फक्त 'सिंधू भामरे' अशी पाटी होती, आणि ती त्या रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायच्या.

त्या इमारतीत बाई फार बोलक्या म्हणून ओळखल्या जात. हे ऐकून मी हसलो होतो. शाळेत दिवसाला मोजकी वाक्यं बोलणारी बाई इमारतीत बोलकी? पहिल्या मजल्यावरच्या जगताप वहिनी मला म्हणाल्या, "अहो, रोज दार वाजवतात. कढीपत्ता कसा आहे, नळाला पाणी किती वाजता येतं. इतकी माणूसघाणी शाळा तुमची, की बाईंना बोलायला घरी यावं लागतं." दुसऱ्या मजल्यावरही तेच. बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही की बाई गप्पा मारत नव्हत्या, दम खात होत्या. वहिनी बोलायच्या आणि बाई दाराच्या चौकटीला धरून मान हलवायच्या. दम बसला की, "येते," म्हणून पुढचा जिना.

मग एका वर्षी जिन्याशिवायही दम लागायला लागला. छातीत काहीतरी सैरावैरा पळतंय असं त्या म्हणाल्या. "म्हणजे नेमकं कसं हो, बाई?" मी विचारलं. माझा प्रश्न काळजीचा होता, पण आवाज मुलाखतीचा लागला.

"वर्गात शिक्षक नसले की कसं असतं? तसं. सगळे बोलतायत, ऐकत कोणी नाही."

डॉक्टरांकडे मी बरोबर गेलो, कारण बाईंचा धाकटा भाऊ सटाण्याहून येईपर्यंत कोणीतरी हवं होतं. जाण्याआधी मी मोबाइलवर अभ्यास केला होता. अभ्यास म्हणजे एक व्हिडिओ. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "हल्ली मांडीतून तार घालून आतला बिघडलेला भाग जाळतात ना? ॲब्लेशन. तेच करून टाका."

डॉक्टर तरुण होते, पण सभ्य होते. त्यांनी मला विचारलं, "आपण यांचे?"

"कोणी नाहीत," बाई म्हणाल्या. "बोला तुम्ही."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. झडपेचं दार अरुंद, त्यामुळे मागच्या कप्प्यात रक्त तुंबतं, तो कप्पा ताणून मोठा झालाय, म्हणून ठोक्यांची शिस्त गेलीय. दार तसंच ठेवून नुसती तार घालून जाळलं, तर ते टिकायचं नाही. छाती उघडून झडप बदलायला लागणारच आहे, तर त्याच वेळी त्या कप्प्यावर जाळून रेघा पाडायच्या, म्हणजे ठोके चालवणारी, भरकटलेली वीज त्यांच्यापलीकडे जाणार नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि टेबलावरचं पॅड ओढून त्यावर चित्र काढलं. मला वाटलं हृदय काढतायत. धरण काढलं होतं.

"म्हणजे हे गंगापूर धरण. गेट अडकलंय. मागे फुगवटा वाढत गेलाय. तुम्ही गेट बदलणार, आणि फुगवट्याच्या जमिनीत बांध घालणार. बरोबर?"

"बरोबर."

"गेट बदललं म्हणून इतकी वर्षं पाण्याखाली असलेली जमीन लगेच शेतीची होत नाही."

"नाही होत. म्हणूनच सांगतो, ठोके परत बिघडू शकतात. तुमचा आजार जुना आहे, कप्पाही बराच मोठा आहे. आणि ठोके बिघडलेले असताना आत रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. म्हणून रक्त पातळ करायची गोळी." मग झडपेचा प्रश्न आला. धातूची टिकाऊ, पण गोळी जन्मभर. प्राण्याच्या ऊतीची काही वर्षांनी झिजते, पण ठोके नियमित राहिले, तर पुढे गोळी थांबवता येते का ते तपासून बघू. "बघू म्हणतोय," डॉक्टर म्हणाले. "थांबवू म्हणत नाही."

बाईंनी ऊतीची निवडली.

नाना, म्हणजे त्यांचा भाऊ, दुपारी पोचला. मोठा, मऊ माणूस, डाळिंबाचा शेतकरी, बहिणीसमोर हात मागे बांधून उभा राहणारा. ऑपरेशन त्याला मान्य होतं. त्याचं म्हणणं एकच, बहिणीने इथे एकटं राहू नये, आणि ते तो दर भेटीत म्हणत आला होता: "आक्का, घर चाल. आठे कोन शे तुनं?"

"मनं घर शे आठे," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून गावाकडची अहिराणी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. शुद्ध भाषेपेक्षा तिच्यात जास्त धार होती.

ऑपरेशन नीट झालं. काही महिन्यांनी बाई शाळेत आल्या, जिना न थांबता चढून, आणि ठोक्यांची पट्टी, म्हणजे ईसीजी, नियमित आल्याचं त्यांनी एका वाक्यात सांगितलं. इथे माझ्या अंगात आलं. अशा वेळी शहाणा माणूस 'वा' म्हणतो आणि तास घ्यायला जातो. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कार्यक्रम. फळ्यावर मथळा: 'नियमित ठोक्यांबद्दल हार्दिक अभिनंदन'. मी प्रास्ताविकात म्हणालो की भामरे बाईंच्या शिस्तीपुढे मुलं नमली, मुख्याध्यापक नमले, आणि शेवटी त्यांचं हृदयही नमलं. हशा. मुख्याध्यापकांनी हृदयाची तुलना वेळापत्रकाशी केली. बाई खुर्चीत ताठ बसून पंख्याकडे बघत होत्या. आणि प्रमुख पाहुणे म्हणून मी कोणाला बोलावलं होतं? नानाला. त्याला मीच फोन केला, मीच त्याच्या हातात फूल दिलं, आणि तो नको नको म्हणत असताना मीच माइक त्याच्या तोंडापुढे धरला. "नाना, दोन शब्द."

नानाच्या कपाळावर घाम. त्याने माइक उसाच्या कांड्यासारखा धरला. "मी काय बोलू? आक्काचं हृदय आता लायनीवर आलंय. आता मी तिला घरी चल म्हणणार नाय. राहू द्या तिला नाशकात." टाळ्या झाल्या. टाळ्या झाल्या की न बोलणाऱ्या माणसालाही पुढे बोलावंसं वाटतं. "पण येक सांगतो. परत बिघडलं, तर मंग मी कोनाचं ऐकनार नाय. सामान भरीन आन घेऊन जाईन."

पुन्हा टाळ्या. सगळ्यात मोठ्या माझ्या.

बाई उठल्या. शाल नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. "नारळ चांगला आहे," म्हणाल्या. "भाषणं तुमची तुम्ही वाटून घ्या."

पावसाळा सुरू झाला तेव्हा मी त्यांना विचारलं, "गोळी चालू आहे अजून?"

"डॉक्टरांनी बंद केली."

मी ती आनंदाची बातमी शाळेच्या ग्रुपवर टाकली. हात जोडलेले, फुलं, फुगे, जे सापडलं ते सगळं. नानाचा नंबर माझ्याकडे होता, त्यालाही पाठवली. त्याने लगेच अंगठा पाठवला. हे सगळं मी मधल्या सुट्टीत केलं आणि वर चहा प्यायलो.

नंतरच्या बाई जरा वेगळ्या होत्या, पण ते मला वेगळेपण वाटलं नाही, बरं होणं वाटलं. दुपारच्या तासाला त्या खुर्ची मागवायला लागल्या. मी म्हटलं, निवृत्ती जवळ आली, माणूस सैलावतो. आमच्या नव्या विज्ञान शिक्षिकेने हौसेने मनगटाचं घड्याळ घेतलं होतं, नाडी दाखवणारं. ती सगळ्यांच्या हाताला लावून बघत होती. बाईंपाशी आली तेव्हा बाईंनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "माझी झाली मोजून," म्हणाल्या. "सत्कारसुद्धा झाला." आम्ही हसलो. बाई सहसा विनोद करत नसत, म्हणून जास्तच हसलो.

ते घडलं दुपारच्या सत्रात. मी शेजारच्या वर्गावर होतो. भिंतीपलीकडून आवाज यायला लागला, आधी कुजबुज, मग गलका. बाईंच्या वर्गातून इतक्या वर्षांत असा आवाज आला नव्हता. मी काय करावं? डस्टर घेऊन भिंतीवर आपटलं. ओरडलो, "भामरे बाईंचा वर्ग आणि हा गोंधळ?" माझ्या वर्गातली पोरं हसली. गलका थांबला नाही. मग त्यांच्या वर्गाची मॉनिटर दारात येऊन उभी राहिली. "सर, बाई बोलत नाहीयेत."

फळ्यावर किनारा डहाणूपासून खाली नीट उतरला होता. रत्नागिरीच्या आसपास रेघ सुटली आणि समुद्रात गेली. बाई प्लॅटफॉर्मवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर परक्यासारखा पडलेला, ओठांचा एक कोपरा ओघळलेला. डाव्या हाताने त्या फळ्याकडे काहीतरी दाखवत होत्या. मला वाटलं उपाशी असतील. मी खिशातला पेपरमिंट त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी माझा हात बाजूला सारला. तेवढी ताकद डाव्या हातात होती.

क्रीडाशिक्षकांच्या गाडीतून नेलं. द्वारका चौकात नेहमीसारखे अडकलो. क्रीडाशिक्षक हॉर्नवर हात ठेवून बसले होते आणि मी बाईंना सांगत होतो की काही नाही, होईल ठीक. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

डॉक्टर तेच. त्यांनी ठोक्यांची पट्टी काढली, बघितली आणि विचारलं, "गोळी घेत होत्या?"

मी म्हणालो, "तुम्हीच तर बंद केलीत."

"मी? त्या माझ्याकडे पावसाळ्यापूर्वी शेवटच्या आल्या. त्यानंतर दिवसभर छातीला लावायचं यंत्र देणार होतो, त्या तारखेला आल्याच नाहीत."

ठोके बिघडलेले होते, आणि डॉक्टरांच्या अंदाजाने ते आजचं नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं, मग ॲब्लेशन फुकट गेलं म्हणायचं का. ते म्हणाले, "ठोके परत बिघडले, याचं मला नवल नाही. तेवढ्याने काही अडलं नसतं. वेग ताब्यात ठेवायला औषध दिलं असतं, गोळी चालू ठेवली असती. असे कितीतरी लोक आपापल्या घरात वर्षानुवर्षं राहतात. सांगायचं फक्त."

पुढच्या आठवड्यात नानाबरोबर त्यांच्या घरी गेलो, कपडे घ्यायला. नाना वर चढला. मला पहिल्या मजल्यावर जगताप वहिनींनी अडवलं. त्या रडत होत्या.

"बाई परत थांबायला लागल्या होत्या हो माझ्या दाराशी. पाऊस लागला तेव्हापासून. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. तर म्हणाल्या, दाखवलं की नानाला कळणार, काही निघालं की डॉक्टर त्यालाच बोलावणार. गोळी बंद झाली असं त्याला वाटतंय, ती दिसली तरी कळणार. तो भरल्या सभेत बोलून बसलाय, म्हणाल्या, आता त्याला माघार घेता यायची नाही. मला शपथ घातली त्यांनी. म्हणाल्या, निवृत्त होईपर्यंत गप्प राहा, मग बघू."

मी वर गेलो. नाना कपाट उघडून उभा होता, काय घ्यायचं ते त्याला कळत नव्हतं. मला बघून तो वेताच्या खुर्चीत बसायला गेला आणि न बसताच उठला. मी त्याला खालचं काही सांगितलं नाही. सगळ्या जन्मात मी न सांगितलेली ती एकच गोष्ट असावी. पण वहिनींनी त्याला जाताना गाठलंच.

दिवाळीच्या सुट्टीत मी सटाण्याकडे त्यांच्या गावी गेलो. बाई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, उजवा हात शालीखाली. केस कोणीतरी घट्ट विंचरले होते, लहान मुलीचे विंचरतात तसे. सोयीत काही कमी नव्हतं. समोर अंगण, पलीकडे डाळिंबाची बाग, नानाची नात त्यांच्या पायाशी खेळत होती. ज्या ठिकाणी यायचं नाही म्हणून त्यांनी जिवाशी खेळ केला, ते ठिकाण इतकं मायेचं होतं, की कोणावर चिडावं ते मला कळेना.

नाना म्हणाला की बोलणं गेलंय, थोडे शब्द आलेत, ते सगळे अहिराणीतले. शाळेतल्या भाषेतला एकही शब्द परत आला नाही.

मग तो माझ्याजवळ सरकला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "सर, मी काय तिला खरंच उचलून आणनार होतो का? तिनं मला लहानाचं मोठं केलं. तिच्यापुढं माझी काय टाप? तुम्ही म्हनले, नाना, दोन शब्द बोला. मला काय बोलता येतं? लोकं टाळ्या वाजवत व्हते, तोंडाला आलं ते बोललो."

याच्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मी बोलायला लागलो. मी बाईंना शाळेची हकिकत सांगितली, नवे भूगोल शिक्षक नकाशाचा तयार तक्ता टांगतात ते सांगितलं, मुलं आठवण काढतात ते सांगितलं, फिजिओथेरपीने लोक कसे उभे राहतात ते सांगितलं, माझ्या एका मावसभावाचं उदाहरण दिलं, पांडवलेण्यांचा डोंगर अजून हिरवा आहे तेही सांगितलं. बाई माझ्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. मला वाटलं, पोचतंय.

नानाची बायको चहा घेऊन आली. तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि बाईंपाशी वाकून, मोठ्याने, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "आक्का, हाऊ कोन शे? वळखं का?"

बाईंनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. नाव शोधत होत्या, ते दिसत होतं. नाना पुढे झुकला, मीही झुकलो. नाव काही सापडलं नाही. मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे नीट बघितलं, आणि भावजयीला सांगितलं,

"लई बोलस."